मेंदूच्या शस्त्रक्रियेतला वाटाड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला या खेपेस तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई. लोणच्यावर बोलू की वाळवणावर?" त्या म्हणाल्या, "लोणच्यावर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या डोक्याचे ऑपरेशन झाले, त्याविषयी बोला. लोक काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक आहे तर! कोणी म्हणते, डोक्याची कवटी वाटीसारखी उचलून मेंदू परातीत काढून ठेवला होता. कोणी म्हणते, ऑपरेशन यंत्रानेच केले, डॉक्टर नुसते बाजूला उभे होते. एका बाईंनी तर मला नळावर विचारले, "तिला आता आधीचे आठवते का हो?" म्हणून उभी राहिले आहे. धाकटीला विचारूनच बोलते. ती आज सभेला आली आहे, मागे बसली आहे. कृपा करून वळून वळून पाहू नका, ती लाजते.

मी जे सांगणार ते दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांना आणि तिथल्या सिस्टरांना विचारून घेतलेले, आणि घरी आल्यावर मुलाकडून वाचवून घेतलेले आहे. डॉक्टरही असे भले की, एक अडाणी बाई इतके प्रश्न विचारते म्हणून रागावले नाहीत. उलट म्हणाले, "विचारा. न विचारणाऱ्यांचीच मला भीती वाटते."

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात. धाकटे भाऊजी शेती पाहतात, आम्ही इथे धाराशिवास राहतो. 2022 साली ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत धाकटीच्या उजव्या हाताची बोटे आपोआप ओढू लागली. भाकरी थापता थापता हात मध्येच थांबायचा, बोटे आखडायची, घटकाभराने सुटायची. तिने कोणाला सांगितले नाही. आपण बायका सांगतो कुठे? एकदा भाकरी परातीबाहेर पडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठं आहे तुझं?" एवढाच काय तो त्याचा बोभाटा झाला.

मग नागपंचमीला आम्ही गावी गेलो असता माझ्यादेखत तिला मोठी फिट आली. आणि मी काय केले ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. चूल सोडून धावले, जीभ तुटेल म्हणून तिच्या दातांत चमचा कोंबला. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगविली. त्या चमच्याने तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, जवळची दगडधोंडा-विळी दूर करावी, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवावी. तेवढे जरी मला त्या दिवशी ठाऊक असते!

पुढचे महिने असे गेले. अंगारा झाला, देवऋषी झाला. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्यांचे नाव घेत नाही. माणूस वाईट नव्हता, आम्हीही त्यांना बोटांची गोष्ट सांगितली नव्हती, नुसती चक्कर येते म्हणालो होतो. अखेर आमच्या घरच्यांनी तिला सोलापूरला नेले. तिथे एम.आर.आय. काढले, आणि डाव्या बाजूला, मेंदूच्या थोडे आत, लिंबाएवढी गाठ दिसली. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालविते. गाठ होती ती नेमकी उजवा हात हलविणाऱ्या भागाला चिकटून.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून ठेवते. फिट आली म्हणजे ही गाठच असते असे नव्हे. आपल्या भागात पुष्कळांच्या मेंदूत जंताच्या अळीची गाठ निघते, क्षयाची निघते, आणि त्या बहुधा औषधानेच विरतात. कापायचे काम पडत नाही. कित्येकांना तर गाठच नसते, फिटची गोळी नेमाने घेतली की भागते. पण डोक्यात काय आहे ते आधी दिसले पाहिजे ना? अंगाऱ्याने ते दिसत नाही.

आता हे "दिसणे" फार जुने नाही. आपल्या शेतात बोअर घ्यायचे तर पाणाड्या येतो, तळहातावर नारळ उभा धरून बांधाबांधाने फिरतो, नारळ आडवा झाला की म्हणतो, "इथं घ्या." कधी लागते, कधी तीनशे फूट नुसती धूळ निघते. मेंदूच्या वैद्यांचीही एके काळी जवळजवळ अशीच गत होती. रोगी चालतो कसा, बोलतो कसा, कोणता हात लुळा पडला, यावरून ते आत गाठ कोठे असेल याचा अंदाज बांधीत. पाणाड्यापेक्षा त्यांची विद्या पुष्कळ खरी. परंतु कवटी उघडेपर्यंत खात्री नसे, म्हणून ती मोठी उघडावी लागे. 1895 साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले आणि पहिल्या चित्रांपैकी एक आपल्या बायकोच्या हाताचे काढले, बोटातल्या अंगठीसकट. पण क्ष-किरणांत हाड दिसते, मेंदू दिसत नाही. मग 1918 साली डँडी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून चित्र काढण्याची युक्ती काढली. हवेची सावली वाकडी दिसली की गाठ त्या बाजूला! रोग्याचे डोके त्याने असे दुखे की विचारू नका.

खरा उजेड पडला तो 1971 साली. लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात 1 ऑक्टोबर रोजी हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रात पहिला रोगी निजविला. रोगी म्हणजे एक बाईच होती, एक्केचाळीस वर्षांची, म्हणजे आपल्यातल्याच वयाची. तिच्या कपाळामागची गाठ डोके न उघडता कागदावर उतरली. हाउन्सफील्ड हे काही डॉक्टर नव्हते, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीतले इंजिनियर; त्यांना 1979 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामागून एम.आर.आय. आले, त्यात क्ष-किरण नाहीत, मोठा लोहचुंबक असतो. कलिंगडाच्या पातळ पातळ फोडी कराव्यात तसा मेंदू फोडीफोडीने दिसतो. वरून, समोरून आणि बाजूने.

आपल्या देशात 1949 साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी आणि पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभा केला. म्हणजे ही विद्या आपल्याकडे आमच्या सासूबाईंच्या वयाची.

चित्र मिळाले, तरी एक अडचण राहिलीच. चित्र पडद्यावर आणि रोगी टेबलावर. गाठ चित्रात दिसते आहे, पण डोक्याच्या कातडीवर नेमके कोठे बोट ठेवावे म्हणजे खाली ती येईल? डोक्याला वरून काही खूण थोडीच असते! पूर्वी यासाठी डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवीत. लंडनला 1908 साली प्राण्यांसाठी अशी चौकट निघाली, माणसांसाठी 1947 साली अमेरिकेत. चौकटीवर माप लिहिलेले, त्यावरून सुई किती आत, किती बाजूला ते ठरे. आपल्याकडे मद्रासच्या डॉक्टरांनी साठच्या दशकात अशा चौकटीने हात थरथरण्याच्या रोगावर पुष्कळ कामे केली. पण चौकट मध्ये येते, जड असते, मोठ्या कामाला अडचणीची. चौकटीवाचून हे मोजमाप करण्याची रीत 1986-87 च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानात निघाली, आणि तीच आज आपल्या पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत वापरतात. तिला नेव्हिगेशन म्हणतात. मी तिला वाटाड्या म्हणते.

तो वाटाड्या चालतो कसा, ते डॉक्टरांनी मला टेबलावरच्या पडद्यावर दाखविले. मला पहिल्या खेपेस कळले नाही. मग मी म्हटले, "म्हणजे ब्लाउज बेतण्यासारखे?" ते हसले, पण "हो" म्हणाले. आपण कागदाचा नमुना कापडावर ठेवतो तेव्हा काय करतो? गळ्याची खूण गळ्यावर, काखेची काखेवर जुळवितो, टाचण्या लावतो, मगच कात्री. एक टाचणी सुटली, कागद सरकला, की सगळा ब्लाउज वाया. तसेच हे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धाकटीच्या डोक्याला ठिकठिकाणी गोल चकत्या चिकटविल्या, मोठ्या टिकल्यांएवढ्या. त्या लावूनच एम.आर.आय. काढले, तेव्हा त्या चित्रातही आल्या. सिस्टर बजावून गेल्या, "ताई, एकही काढायची नाही, उशीवर डोकं घासायचं नाही." बिचारी रात्रभर पाटासारखी ताठ पडून होती.

दुसऱ्या दिवशी डोके तीन टोकांच्या पकडीत धरले, म्हणजे ते केसभरही हलू नये. (टोके लावण्याआधी तेथे बधिर करण्याचे इंजेक्शन देतात.) त्या पकडीलाच एक चांदणीसारखी वस्तू जोडली, तिच्यावर चकाकणारे छोटे गोळे. डॉक्टरांच्या हातातल्या टोकदार सळईवरही तसेच गोळे. वर एक कॅमेरा, दोन डोळ्यांचा. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे दोन डोळे कशाला लागतात ते कळेल. एका डोळ्याला अंतर समजत नाही. हा कॅमेरा आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात ते गोळे पाहतो आणि सळईचे टोक कोठे आहे ते क्षणोक्षणी सांगतो. डॉक्टर सळईचे टोक एकेका चकतीवर टेकवितात: "ही डोक्यावरची पहिली, ही चित्रातली पहिली. ही दुसरी, ही दुसरी." झाली टाचण्या लावून! आता सळई डोक्यावर जेथे ठेवाल तेथली फोड पडद्यावर दिसते आणि खाली गाठ किती आत आहे तेही. चूक पडली तरी बहुधा दोन-तीन मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी. पण त्या चांदणीला कोणाचा धक्का लागला, तर ब्लाउजचा कागद सरकल्यासारखेच होते. म्हणून मध्ये मध्ये नाकाच्या शेंड्याला किंवा हाडावरच्या खुणेला सळई लावून पडताळा घेतात.

याचा फायदा आम्हाला सर्वांत आधी कळला तो केसांत. सासूबाईंचा ऑपरेशनला सगळा विरोध त्या एका गोष्टीवरून होता. त्या म्हणत होत्या, "सवाष्णीचं डोकं भादरायचं? माझ्या आत्याचं भादरलं होतं, मी पाह्यलंय. माझ्या सुनेचं नाही होऊ देणार." त्यांच्या आत्या बालविधवा होत्या. आता हसू येते, पण त्या दिवशी म्हातारी रडत होती, आणि तिला काय सांगावे ते आमच्यापैकी कोणालाच सुचेना. डॉक्टरांनी तिला समोर बसविले आणि म्हणाले, "आजी, जागा नेमकी कळते, म्हणून भोक लहान पाडायचं. दोन बोटं रुंदीची पट्टी तेवढी काढू. वरून वेणी घातली की दिसायची नाही." तसेच झाले. कवटीचा तुकडा काढला तो रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, पण बशीपेक्षा पुष्कळ लहान; काम झाल्यावर तो परत बसवून पट्टीने पक्का केला. मेंदू परातीत काढून ठेवल्याचे जे कोणी सांगतात त्यांनी हे ऐकून ठेवावे.

लहान भोकातून काम करायचे तर हत्यारेही तशी लागतात. हाड पाडणारे गिरमिट हाडापार जाताच आपोआप थांबते. आत मेंदूला टोचत नाही. वर दुर्बिणीसारखा मोठा सूक्ष्मदर्शक, त्यात दोऱ्यासारखी रक्तवाहिनी दोरीसारखी दिसते. रक्त थांबवायला एक चिमटा असतो, त्याच्या दोन टोकांच्या मध्येच वीज खेळते, आजूबाजूला जात नाही. आणि एक नळी अशी की तिचे टोक कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने थरथरते, गाठ बारीक करते, पाण्याने भिजविते आणि ओढून घेते. ती मऊ गाठ फोडते, पण रक्तवाहिनी तितकी सहज फोडत नाही. काही जलद वाढणाऱ्या गाठींसाठी आधी एक औषध पाजतात. मग निळ्या उजेडात गाठ गुलाबी चमकते. धाकटीची गाठ सावकाश वाढणारी, तिला ते नव्हते.

काही गाठी तर कवटी न उघडता नाकावाटे काढतात. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्या गाठी. इथे सगळ्या बायकाच आहेत म्हणून बोलते: वय झालेले नसता पाळी बंद पडणे, बाळंतपण नसता अंगावर दूध येणे, दोन्ही बाजूंचे दिसेनासे होणे, ही त्या ग्रंथीच्या गाठीची लक्षणे असू शकतात. यातली दुधाची गाठ बहुधा गोळ्यांनीच आटते. तिला लाजून वर्ष वर्ष घरी बसू नका.

आता वाटाड्याची उणी बाजू. डॉक्टरांनी ती आपण होऊन सांगितली, मी विचारली नव्हती. म्हणाले, "ताई, हा नकाशा कालचा आहे. डोकं उघडेपर्यंत खरा. मग तो जुना होत जातो." मला नवल वाटले. एका दिवसात मेंदू बदलतो? त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. विरजलेल्या दह्याचे पातेले घ्या. जोवर हात लावला नाही तोवर वरचा भाग सपाट, काठाला लागलेला. एका बाजूने पळीभर दही काढा. शेजारचे दही त्या खळग्याकडे कलते, पाणी सुटते, सगळे हळूच खाली बसते. मेंदू तसाच मऊ, पाण्यात तरंगणारा. कवटी उघडली, पाणी वाहून गेले, गाठ थोडी काढली, की तो जागा सोडतो. कधी कधी सेंटिमीटरभरही. पडद्यावर मात्र कालचेच चित्र. तांदळाच्या दाण्याएवढ्या चुकीचे यंत्र, आणि मेंदू सरकला बोटाच्या रुंदीएवढा! मागे उमरग्याकडे लग्नाला जाताना मुलाच्या मोबाईलमधल्या नकाशाने आमची गाडी वाहून गेलेल्या पुलावर नेली होती, तेव्हा आमच्या घरच्यांनी खाली उतरून डोळ्यांनी पाहिले म्हणून आज मी इथे उभी आहे.

म्हणून काही ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच नवे चित्र काढतात. कोठे एम.आर.आय. यंत्रच ऑपरेशनच्या खोलीशी जोडलेले असते. त्याचा खर्च आभाळाला टेकलेला. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. आपण गरोदरपणी पोटावर सोनोग्राफी करतो ना, तीच सोनोग्राफी वाटाड्याला जोडून उघड्या मेंदूवर लावायची. पाच-दहा मिनिटांत ताजे चित्र मिळते आणि कितीही वेळा घेता येते. डॉ. अलीअसगर मोइयदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी 2013 साली युरोपातल्या वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. लेख इंग्रजीत, मुलाने अर्थ सांगितला. मला त्यातली आकडेमोड कळली नाही. पण बाळाला पाहण्याचे यंत्र मेंदूलाही उपयोगी पडते हे वाचून बरे वाटले.

धाकटीच्या डॉक्टरांची वाट आणखी वेगळी. तिला त्यांनी जागे ठेवून काम केले. हो, जागे! गावातल्या गप्पांत हे एक कोणी सांगत नाही, आणि खरे नवल हेच आहे. मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडीला दुखते, ती बधिर करतात. आधी गुंगी देऊन डोके उघडले, मग तिला उठविले. डॉक्टरांनी अगोदर विचारले होते, "उजव्या हातानं रोज काय काम करता?" ती म्हणाली, "भाकरी थापते, दुसरं काय." तर ऑपरेशनच्या वेळी शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "ताई, भाकरी थापा." आणि ही चादरीखाली हवेत भाकरी थापते आहे! डॉक्टर मेंदूच्या एकेका जागी अगदी सौम्य वीज लावून पाहत. हात अडखळला की ती जागा वर्ज्य. वाटाड्याने गाठीपर्यंत आणून सोडले, पण कुठपर्यंत जायचे ते तिच्या हाताने सांगितले. धाकटी म्हणते, "आक्का, एकवीस भाकऱ्या झाल्या, मग मी मोजायची सोडली."

पण भगिनींनो, माझ्या मनाला जे लागून राहिले ते ऑपरेशनच्या दोन दिवस आधी घडले. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे होतो: आमचे घरचे, धाकटे भाऊजी, सासूबाई, मी आणि ती. डॉक्टर म्हणाले, "गाठीचा शेवटचा तुकडा हाताच्या जागेत शिरलेला आहे. सगळी काढायची म्हटली तर हात जाण्याचा धोका आहे. थोडी ठेवली तर हात राहील, पण ती पुन्हा वाढू शकते, दर सहा महिन्यांनी चित्र काढावे लागेल. काय करायचे?" भाऊजींनी आमच्या घरच्यांकडे पाहिले. घरच्यांनी सासूबाईंकडे. सासूबाई म्हणाल्या, "मुळासकट काढा. तण ठेवलं तर पुन्हा येतं." मीही तोंड उघडले होते, मलाही तेच म्हणायचे होते. मी दोन मुलांची आई, चार माणसांत बोलणारी, आणि माझ्याही मनात आले नाही की जिचे डोके तिला विचारावे. डॉक्टरांनी आमच्यापैकी कोणालाही उत्तर दिले नाही. खुर्ची वळविली आणि धाकटीला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा."

ती कधी मोठ्यांच्या पुढे बोललेली नाही. पदर सारखा केला, खाली पाहिले आणि म्हणाली, "हात ठेवा. हात असला तर मी कोणाला जड नाही."

कोणी काही बोलले नाही. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

म्हणून थोडी गाठ आत आहे. जेवढी काढली ती तपासून, सावकाश वाढणारी आहे असे कागद आला. ऑपरेशननंतर उजवा हात पंधरा दिवस ढिला होता, वाटी धरवत नव्हती. तेव्हा घरात सगळ्यांची तोंडे उतरली, आणि मनातल्या मनात काहींनी तिच्या निर्णयाला, काहींनी डॉक्टरांना बोल लावला असेल. मी कोणाला दोष देत नाही. मग बोटे हळूहळू आली. व्यायाम म्हणून तिला पीठ मळायला लावीत, आणि सासूबाई स्वतः परात पुढे ठेवून बसत. फिटची गोळी चालू आहे, ती तिने एक दिवसही चुकविलेली नाही. भाकरी थोडी जाड होते आणि एका बाजूला कललेली, आमचे भाऊजी म्हणतात, "मला तशीच आवडते."

खर्चाचे बोलल्याशिवाय खाली बसले तर तुम्ही मला सोडणार नाही. मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. पण प्रत्येक रुग्णालय त्या योजनेत नसते. जे असते तेथे दाराशी आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन प्रथम त्यालाच गाठावे, भरती झाल्यावर नव्हे. आम्हाला हे उशिरा कळले. पहिल्या तपासण्या आणि पुण्याच्या खेपा, त्यांपायी धाकटीच्या पाटल्या गहाण पडल्या. एक सुटली आहे, एक अजून सोनाराकडे आहे.

तिचे पुढचे चित्र दिवाळीनंतर. मागची तिन्ही चित्रे ती आज पिशवीतून घेऊन आली आहे, मीच सांगितले होते. पहिल्या फिल्ममध्ये गाठ अख्खी दिसते, दुसरीत काढलेल्या जागेचा खळगा आणि कडेला उरलेला पांढरा धागा, तिसरीतही तो धागा तेवढाच आहे. ज्यांना पाहायची असतील त्यांनी चहाच्या वेळी खिडकीपाशी यावे. काळी फिल्म उजेडाकडे धरावी लागते, आणि कडेला धरा, मध्ये बोटांचे ठसे उमटतात. काय विचारायचे ते तिलाच विचारा. माझ्यापेक्षा ती बरी सांगते.